आमच्या टर्फचा सुटलेला जॉइंट

ग्लू पसरून जेमतेम वीस मिनिटं झाली होती. टर्फची, म्हणजे मैदानावरच्या नकली गवताची, कड उचलून खाली बघितलं, तर दोन पट्टे जोडणाऱ्या टेपवर घावनाला पडते तशी जाळी पडलेली. बारीक बारीक भोकं, आणि बोटानं दाबलं की स्पंजासारखं आत जात होतं. मी आणि भाऊ एकमेकांकडे बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा जॉइंट हातानं सोलून निघाला. केळ्याची साल निघावी तसा, जोर न लावता.

ही गोष्ट सप्टेंबर 2022 ची. गणपती जाऊन आठवडा झाला होता, पावसानं दोन दिवस उघडीप दिली होती आणि नवरात्रातली बॉक्स क्रिकेटची टूर्नामेंट आमच्याकडे ठरली होती. सोळा टीमची नोंदणी झालेली. म्हणून घाई केली.

आमचं टर्फ वेंगुर्ले तालुक्यात आहे. समुद्र पायी पाच मिनिटांवर, मध्ये सुरूचं बन. शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद. 2019 च्या मे महिन्यात घातलं. चार मीटर रुंदीचे आठ पट्टे आडवे टाकलेले, म्हणजे पट्ट्यांमधले सात जॉइंट, प्रत्येक पन्नास फुटांचा. टर्फ घेताना सगळे पात्यांची उंची विचारतात, हिरवा रंग बघतात, हात फिरवून मऊ आहे का ते पाहतात. आम्हीही तेच केलं. आज कोणी विचारायला आलं तर मी त्याला आधी जॉइंट दाखवते आणि मग गटार दाखवते. समुद्राकाठचं टर्फ उन्हानं किंवा खाऱ्या वाऱ्यानं एवढं मरत नाही. पाती पॉलिएथिलीनची असतात, त्यांना मिठाचं काही वाटत नाही. टर्फ मरतं ते खालून, ओलीनं.

आमचा तिसरा जॉइंट सुटला होता. बॅट्समन उभा राहतो त्या टोकापासून जवळच. आधी नुसती रेघ दिसायची, मग बोटभर फट, मग कड वर वळायला लागली. एका मुलाचा बूट त्यात अडकला आणि तो तोंडावर पडला. हनुवटीला दोन टाके पडले. त्याच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो. ती काही बोलली नाही, पण त्या दिवशी मी ठरवलं की हे काम आपण स्वतः शिकायचं. ज्यांनी टर्फ घातलं होतं, ते वॉरंटीच्या काळात दोनदा येऊन गेले होते. दोन्ही वेळा वरून काहीतरी लावून, वाळूची पोती ठेवून निघून गेले. नंतर फोन उचलणं बंद झालं.

सप्टेंबरातलं काम का फसलं हे समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. जॉइंटचा ग्लू पॉलियुरेथेनचा असतो. दोन डबे येतात, एकात मूळ ग्लू, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही नीट घोटले की हार्डनर ग्लूशी जुळून घट्ट होतो. पण हा हार्डनर पाण्याशीही जुळतो. जिथं ओल मिळेल तिथं तिच्याशी जुळतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याचेच बुडबुडे म्हणजे आमची ती जाळी. वरून टर्फ कोरडं दिसत होतं, टेपही कोरडी होती. ओल खालच्या खडीतून वर येत होती, आणि टर्फच्या पाठीला लावलेल्या लेटेक्समध्ये, म्हणजे रबरासारख्या थरात, मुरलेली होती. दोन दिवसांच्या उघडिपीत ती कुठं जाणार?

टूर्नामेंट पुढं ढकलली. सगळ्या कप्तानांना मी स्वतः फोन केले. दोघं चिडले, बाकीच्यांनी समजून घेतलं.

पाऊस संपल्यावर, दिवाळीनंतर, आमच्या आवाराचा गडगा ज्यांनी रचला होता त्या गवंडीकाकांना बोलावलं. त्यांचा टर्फशी काही संबंध नाही. पण आमच्या गावात जमिनीचं त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. मी त्यांना सुटलेला जॉइंट दाखवायला लागले, तर त्यांनी तिकडे बघितलंही नाही. चारी बाजूंनी फिरून आले, खालच्या कोपऱ्यात उकिडवे बसले आणि म्हणाले, "बाय, वरचा मगे बघ. पाणी खंय जाता ता आदी बघ."

पाणी कुठंच जात नव्हतं. टर्फला शंभर फुटांत फूटभर उतार दिलेला आहे, तो बरोबर होता. पाठीला ठरावीक अंतरावर भोकं असतात, त्यातून पाणी खालच्या खडीत उतरतं, खडीतून भोकं पाडलेल्या पाइपात आणि पाइपातून गटारात. पण आमच्याकडे तीन वर्षांत सुरूची पानं येऊन पडत होती. सुरूचं पान म्हणजे सुईच. झाडूला लागत नाही, उभं राहून पात्यांमध्ये शिरतं. आत कुजतं, त्याची काळी माती होते आणि ती भोकांवर बसते. काकांच्या सांगण्यावरून आम्ही खालच्या कोपऱ्यातलं टर्फ उचललं. पाठीच्या दहा भोकांपैकी सात बुजलेली. पाइपाच्या तोंडाशी तर खराट्याच्या मुठीएवढा गोळा निघाला. सुरूची पानं, पात्यांमध्ये भरतात ते रबराचे दाणे, माती आणि चॉकलेटचे कागद, सगळं एकजीव झालेलं.

मग तिसऱ्या जॉइंटखाली काय झालं तेही उमगलं. पाणी तिथं साचून राहायचं, पायाखाली दबायचं आणि वरच्या थरातली बारीक कच वाहून न्यायचं. खाली ताटाएवढा खड्डा झाला होता. वरून खेळणाऱ्यांचे पाय आपटत, टर्फ खाली झुकत असे आणि दोन्ही कडा एकमेकींपासून ओढल्या जात. असा जॉइंट जगातल्या कुठल्याही ग्लूनं टिकला नसता.

खरं काम जानेवारी 2023 मध्ये केलं. महिना मुद्दाम निवडला. कोकणात हिवाळा म्हणजे कोरडा, असं घाटावरच्या माणसाला वाटेल. पण किनाऱ्यावर पहाटे दव एवढं पडतं की सकाळी नऊपर्यंत टर्फवर चाललं तर पाय भिजतात. म्हणून ग्लूचं काम अकरा ते तीन एवढ्याच वेळात. मी हवेतली आर्द्रता दाखवणारं एक लहान यंत्र घेतलं होतं. पहाटे ते नव्वदच्या वर दाखवायचं, दुपारी बारा वाजता पंचावन्न-साठपर्यंत उतरायचं, आणि चारनंतर समुद्रावरचं वारं जड व्हायला लागलं की पुन्हा चढायचं. चार दिवस नुसती नोंद ठेवली. त्या वहीची पानं अजून आहेत माझ्याकडे.

पहिल्या दिवशी नुसतं मोकळं केलं. जॉइंटच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांपर्यंतचे रबराचे दाणे आणि वाळू ताठ ब्रशनं बाहेर काढून घमेल्यात भरली. जुना ग्लू टेपवरून खरवडला. पाठीवरचा ग्लू मात्र फार खरवडायचा नाही. लेटेक्स निघालं की पात्यांचे टाके सुटतात आणि मग झुबकेच्या झुबके हातात येतात. आम्ही एका ठिकाणी ही चूक केली, तिथं आजही तळहाताएवढा भाग विरळ आहे.

खड्ड्यात नदीची वाळू भरावी असं भावाचं म्हणणं होतं. काका नको म्हणाले. बारीक खडी आणि कच मिसळून, थोडं थोडं टाकून, प्रत्येक थर त्यांनी धुम्मसानं ठोकला. वर दोरी ताणून पातळी बघितली, लाकडी पट्टी फिरवून बघितली. दोन तास एका ताटाएवढ्या खड्ड्यापाशी. माझा जीव वर-खाली होत होता, पण तो माणूस काही हलेना.

मग मी एक परीक्षा केली. जिथं टेप बसणार तिथं खडीवर प्लॅस्टिकचा जाड कागद पसरला, चारी कडा चिकटवल्या आणि रात्रभर ठेवला. दव वरून पडणार, ते कागदावर राहील. कागदाच्या खालच्या बाजूला थेंब दिसले तर ती ओल जमिनीतली. पहिल्या सकाळी खालून थेंब होते. टर्फ उलटं दुमडून तो भाग दोन दिवस कडक उन्हात उघडा ठेवला, रात्री ताडपत्रीनं झाकायचा, सकाळी दव वाळलं की उघडायचा. तिसऱ्या सकाळी कागद खालून कोरडा निघाला. त्यावर हात फिरवला तेव्हा वाटलं, आता होईल.

कडा कापणं हे हातातलं कसब आहे. पात्यांचे टाके ओळीनं असतात. कटर पाठीच्या बाजूनं, दोन ओळींच्या मधून चालवायचा आणि दोन पट्टे शेजारी ठेवल्यावर मधलं अंतर त्या ओळींमधल्या अंतराएवढंच राहिलं पाहिजे. जास्त झालं तर रेघ दिसते. कमी झालं तर कडा एकमेकींवर चढतात आणि वर उंचवटा येतो. एका जागी कड इतकी झिजली होती की दीड फुटाचा तुकडा नवा बसवावा लागला. 2019 मध्ये उरलेलं टर्फ आईनं गोठ्याच्या माळ्यावर गुंडाळून ठेवलं होतं म्हणून बरं. नव्या मालाची छटा जुन्याशी जुळत नाही. तुकडा ठेवताना पात्यांचा कलही बघावा लागतो. पाती सगळी एका दिशेला झुकलेली असतात. तुकडा उलटा बसला तर तोच रंग असूनही दुरून ठिगळ दिसतं, मखमलीवर उलटा हात फिरवल्यासारखं.

मग बरोबर साडेअकराला ग्लू कालवला. फूटभर रुंदीची नवी टेप, खरखरीत बाजू वर, जॉइंटच्या बरोबर मधोमध. ग्लू दातेरी पत्र्यानं पसरला, म्हणजे सगळीकडे सारख्या उंचीच्या रेघा राहतात. डब्यावर लिहिलेला वेळ थांबलो, बोटाला तार यायला लागली तेव्हा आधी एक कड, मग दुसरी कड खाली सोडली. भाऊ एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. मधे बसून वहिनी प्लॅस्टिकच्या कंगव्यानं अडकलेली पाती वर काढत होती. हे काम कोणी सांगत नाही, आणि जॉइंटची सगळी शोभा त्यात असते. एक पातं ग्लूमध्ये दाबलं गेलं की ते कायमचं गेलं, आणि ओळीत टक्कल दिसतं. ती पन्नास फूट गुडघ्यांवर सरकत गेली. मागून वाळूची पोती ठेवत गेलो. दुपारी दोनला संपलं. दोन दिवस कुणाला पाऊल ठेवू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी एका टोकाची कड दोन्ही हातांनी ओढून बघितली. नाही सुटली. भावानं ओढून बघितली, नाही सुटली. काका आले, त्यांनी ओढली नाही. नुसतं त्यावरून अनवाणी चालत गेले आणि परत आले. म्हणाले, "आता कळना नाय खंय जोडलास ता."

वाळू परत भरताना आम्ही जुनी टाकली नाही, चाळून धुऊन घेतली. कमी पडली ती कासार्ड्याची सिलिका वाळू आणली, ती आमच्याच जिल्ह्यात मिळते. गावातले बरेच जण म्हणाले, दारात एवढी पुळण आहे, पाट्या भरून आणा. समुद्राच्या वाळूत मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुरा असतो. मीठ हवेतली ओल ओढून धरतं, आणि चुरा पायाखाली पीठ होऊन भोकं बुजवतो. शिवाय किनाऱ्यावरची वाळू उचलायची नसते, हे तर लहानपणापासून बघत आलोय. वाळू गेली की समुद्र पुढं येतो.

मिठाचं आणखी एक. मे महिन्यात टर्फ एवढं तापतं की दुपारी त्यावर अनवाणी उभं राहवत नाही, म्हणून संध्याकाळचे खेळणारे यायच्या आधी आम्ही पाणी मारायचो. तेव्हा आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालेलं असतं. तेच मारायचो. काही दिवसांनी काळ्या रबरी दाण्यांवर पांढरी पूड दिसायला लागली. आता मे महिन्यात विहिरीचं पाणी मारत नाही. टँकरचं गोडं पाणी परवडत नाही, म्हणून दुपारचे स्लॉटच बंद ठेवतो आणि सहानंतर खेळ सुरू करतो.

खाऱ्या वाऱ्याचा खरा मार बसतो तो लोखंडाला. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात आमची समुद्राकडची जाळी दोन खांबांसह आडवी झाली. खांब पडले ते वाऱ्यानं, पण मोडले कुठं ते बघितलं, तर टर्फला टेकतात तिथंच. तिथं ओल राहते, रबराचे दाणे साचतात, आतून पत्रा खाल्ला गेला होता. वरून रंग शाबूत. नवे खांब जस्त चढवलेल्या पाइपाचे घेतले आणि बुडाशी काँक्रीटचा उंच उतरता गोळा केला, म्हणजे पाणी टेकत नाही. जुने खांब रंगवताना मी आता एक गोष्ट सोडत नाही. तारेच्या ब्रशनं गंज काढला की गोड्या पाण्यानं धुवायचं, वाळवायचं, मग प्रायमर. रंगाखाली मीठ राहिलं की वर्षभरात फोड येतात. आणि गंजाचे पापुद्रे टर्फमध्ये पडतात, ते मुलांच्या गुडघ्यांना लागतात. जुन्या स्पीकरमधली दोन चुंबकं फळीला बांधून आम्ही महिन्यातून एकदा टर्फवरून ओढतो. पहिल्यांदा ओढली तेव्हा खिळे, तारेचे तुकडे आणि वाटीभर गंज निघाला.

शेवाळाबद्दल थोडक्यात. गडग्याच्या सावलीत पावसाळ्यात ते येतंच. आधी ताठ ब्रश, कोरड्या दिवशी. तेवढ्यानं भागलं नाही तरच पातळ केलेलं हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं द्रावण, एका कोपऱ्यात करून बघून, आणि नंतर भरपूर गोडं पाणी. खांबांवर उडू द्यायचं नाही, गंज वाढतो. संडास धुवायच्या ॲसिडबरोबर तर कधीच मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि प्रेशरचा फवारा टर्फवर मारायचा नाही. घाण जाते तशी वाळूही जाते.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते रबराच्या दाण्यांचं. ते जुन्या टायरांपासून केलेले असतात. आमच्या गटाराचं पाणी व्हाळाला मिळतं आणि व्हाळ समुद्राला. पहिली तीन वर्षं दर पावसाळ्यात आम्ही आणखी दाणे आणून भरत होतो, आणि आधीचे कुठं गेले हे एकदाही विचारलं नाही. जिथं आमच्या आजीनं मुळे, म्हणजे खायचे शिंपले, काढले, त्याच पुळणीत मला एक दिवस भरतीच्या रेषेवर ते काळे दाणे सापडले. बोटांच्या पेरावर तीन दाणे. युरोपीय संघानं 2023 मध्ये नियम केला की ऑक्टोबर 2031 नंतर असे दाणे मैदानांसाठी विकता येणार नाहीत. आमच्याकडे तसा नियम येईपर्यंत थांबायचं कशाला? गटाराच्या तोंडाशी आता दोन जाळ्या बसवल्यात, एक मोठ्या भोकांची पानांसाठी, आत एक बारीक दाण्यांसाठी. पावसाळ्यात रोज सकाळी त्या रिकाम्या कराव्या लागतात, नाहीतर पाणी तुंबतं. गेल्या पावसात दोन घमेली दाणे मिळाले. धुऊन, वाळवून ते पुन्हा टर्फवरच पसरले. दाराशी काथ्याचं मोठं पायपुसणं आणि बूट झटकायला एक फळी ठेवली आहे. मुलं आता न सांगता बूट झटकतात.

बाकी रोजचं काम म्हणजे ब्रश. आठवड्यातून दोनदा, पात्यांच्या कलाच्या विरुद्ध दिशेनं, कोरडं असताना. बॅट्समनच्या जागी वाळू सरकून पाती उघडी पडतात, तिथं स्टीलची पट्टी रोवून मोजायचं. आमची पाती पन्नास मिलिमीटरची आहेत. पंधराहून जास्त वर दिसली की तिथं वाळू कमी झाली, आणि उघडी पाती मोडून पडतात. हे काम भाऊ करतो. सुरूची पानं मात्र मीच काढते, पानं उडवायच्या यंत्रानं, संध्याकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी. वारा समुद्राकडून असला तर दोनदा.

2023 च्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री अकराला मी छत्री आणि बॅटरी घेऊन टर्फवर गेले. पाणी पडत होतं आणि दिसेनासं होत होतं. खालच्या कोपऱ्यात गटाराचा आवाज येत होता, भरून वाहणाऱ्या पाण्याचा. तिसऱ्या जॉइंटवर उभी राहिले. पायाखाली कुठंच चुबुक चुबुक होत नव्हतं.

दसऱ्याला पोती, ताडपत्र्या काढून सगळे जॉइंट हातानं चाचपून बघितले. तिसरा धड आहे. पाचव्याची समुद्राकडची कड दोन बोटं सुटली आहे. तिथं खडूनं खूण केली आहे, खालचं पाणी बघून ठेवलं आहे, आणि काकांना जानेवारीचं सांगितलं आहे.